सीपी-बेरारचा एजंट: फॉर्म्युल्यातला हेर आणि आपलं वऱ्हाड

 

आज आधी एक खेळ खेळू. मी गोष्ट सांगतो, तुम्ही सिनेमा ओळखा. एक मोठा शास्त्रज्ञ पळवला जातो. त्याच्याकडे देशाच्या सुरक्षेचं काहीतरी गुपित आहे. नेमकं काय, ते कुणी धड सांगत नाही. भल्या मोठ्या टेबलामागे बसलेला चीफ म्हणतो, हे काम एकच माणूस करू शकतो. तो माणूस येतो. शास्त्रज्ञाची मुलगी हट्टानं त्याच्यासोबत निघते. वाटेत एक विनोदी जोडीदार मिळतो, जो घाबरतो, पडतो, तरी ऐन वेळी कामाला येतो. मधे गाणी. शेवटी व्हिलनचा अड्डा, मारामारी, सुटका. संपलं.

ओळखला? तुमच्या डोक्यात एकदम चार-पाच नावं आली असतील, आणि कदाचित सगळीच बरोबर असतील. माझ्या डोक्यात जो आहे तो 1977 चा ‘एजंट विनोद’. सैफ अली खानचा नाही बरं का, तो 2012 चा. हा जुना, महेंद्र संधूचा.

मी हा सिनेमा मोबाइलवर पाहिला, अकोला ते अमरावती एसटीत अर्धा आणि घरी अर्धा. पाहताना एक प्रश्न पडला. सिनेमा चांगला की वाईट, हा प्रश्न सोपा आहे, त्याला पाच मिनिटं पुरतात. मला पडलेला प्रश्न असा, की हा सिनेमा असाच का बनला? हे साचे कुणी ठरवले? शोधत गेलो तर त्या उत्तरात आपल्याच भागाचं नाव सापडलं. म्हणून आजचा एपिसोड.

आधी सिनेमाचं खानदान

1962 साली ‘डॉ. नो’ आला आणि जेम्स बाँड जगभर पसरला. भारतात त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं, 1965 ला पाकिस्तानचं. सीमेवर काय चाललंय हे सरकारला वेळेत कळत नाही, ही भीती लोकांच्या मनात होती. त्यात बाँडची फॅशन मिसळली. 1966 ला तेलुगूत ‘गूढाचारी 116’ आला, नायक कृष्णा. 1967 ला त्याचाच हिंदी अवतार ‘फर्ज’, नायक जितेंद्र, एजंट 116. दिग्दर्शक रविकांत नगाइच. सिनेमा जोरात चालला. 1968 ला रामानंद सागर यांचा ‘आँखें’ आला. त्यात धर्मेंद्र हेर, आणि सोबतीला विनोदासाठी मेहमूद.

म्हणजे 1968 पर्यंत साचा तयार झाला होता. हेर, हिरॉईन, विनोदी जोडीदार, अड्डा. गंमत पाहा, त्याच 1968 च्या सप्टेंबरमध्ये भारताची खरी परदेशी गुप्तचर संस्था, रॉ, स्थापन झाली. पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव. हा माणूस इतका पडद्याआड राहणारा, की त्यांचे फोटोसुद्धा मोजकेच. पडद्यावरचा हेर मात्र तोवर पोस्टरवर पिस्तूल रोखून उभा होता.

‘एजंट विनोद’ हा ह्या साच्याचा नऊ वर्षांनंतरचा छाप. शास्त्रज्ञ अजय सक्सेना झालेत नझीर हुसेन. मुलगी अंजू, म्हणजे आशा सचदेव. चीफ के. एन. सिंग, जे जन्मभर व्हिलन करत आले. आणि विनोदी जोडीदार जगदीप, जो स्वतःला चक्क ‘जेम्स बाँड’ म्हणवतो. हे मला आवडलं. नक्कल करणाऱ्या सिनेमात नक्कल करणारं पात्र, आणि सिनेमातलं सगळ्यात प्रामाणिक पात्र तेच. दोन वर्षांपूर्वी ‘शोले’त सूरमा भोपाली होऊन जगदीपनं अख्खा देश हसवला होता. त्यामुळे इथं त्याला का घेतलं, ते सांगायची गरज नाही.

दिग्दर्शक दीपक बाहरी. आणि निर्माते? राजश्री! होय, ‘मैंने प्यार किया’वाले राजश्री.

आता येतं आपलं सीपी-बेरार

इथं थोडं थांबा, कारण सगळी किल्ली इथं आहे.

राजश्रीची सुरुवात सिनेमे बनवण्यापासून झाली नाही. ताराचंद बडजात्यांनी 15 ऑगस्ट 1947 ला जी कंपनी काढली ती वितरणाची. सिनेमे विकत घ्यायचे आणि गावोगावच्या टॉकीजमध्ये पोचवायचे. निर्मिती सुरू झाली 1962 मध्ये. म्हणजे कुठला माल कुठं खपतो, हे ह्या घराला सिनेमा बनवण्याच्या आधीपासून माहीत होतं.

आणि माल खपायचा सर्किटनुसार. हिंदी सिनेमाच्या धंद्यानं देशाचे तुकडे पाडले होते. मुंबई, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, बंगाल, निजाम, म्हैसूर, राजस्थान, सीआय म्हणजे सेंट्रल इंडिया, आणि आपलं सीपी-बेरार. बॉक्स ऑफिसचे आकडे देणाऱ्या साइटवर आजही जाऊन पाहा. कलेक्शनच्या रकान्यात ‘सीपी बेरार’ लिहिलेलं दिसेल.

आता सांगा, सीपी-बेरार नावाचं राज्य कुठं आहे? कुठंच नाही! हा आपला इतिहास आहे, आणि तो शाळेत घाईघाईत उरकतात, म्हणून पटकन सांगतो. बेरार म्हणजे वऱ्हाड: अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, आणि 1998 नंतर अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम. हा मुलूख निजामाचा. 1853 मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी इंग्रजांनी तो आपल्या ताब्यात घेतला. 1902 मध्ये कर्झननं निजामाकडून तो कायमच्या भाड्यानं घेतला, वर्षाला 25 लाख रुपये. म्हणजे आपण सगळे भाड्यानं दिलेले लोक, भाऊ! पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं. 1936 पासून प्रांताचं नाव झालं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार. राजधानी नागपूर.

1950 ला त्या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. सरकारी नकाशा तीनदा बदलला. सिनेमाचा नकाशा बदलला नाही. ह्या भागातल्या सिनेव्यापाऱ्यांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, भुसावळला. वितरकांची ऑफिसं अमरावतीत. का? तर रेल्वे. मुंबई-हावडा मार्गावर भुसावळ, अकोला, बडनेरा, नागपूर. प्रिंटच्या पेट्या ह्याच मार्गानं फिरायच्या. 35 एमएमचं हजार फुटाचं एक रीळ, त्यात साधारण 11 मिनिटांचा सिनेमा. अशी चौदा-पंधरा रिळं म्हणजे एक पिक्चर. पेटी उचलून पाहिलेल्यांना विचारा, खांदा निघायचा.

आणि शेजारी ‘निजाम’ सर्किट. त्यात तेलंगणाबरोबर आपला मराठवाडासुद्धा. म्हणजे उमरखेडचा माणूस पैनगंगा ओलांडून हदगावला गेला, की जिल्हा बदलायचा आणि सिनेमाचं सर्किटही. इंग्रज गेले, निजाम गेला, पण त्यांची हद्द टॉकीजच्या हिशेबात जिवंत राहिली.

फॉर्म्युला कुठून येतो

ह्या नकाशाचा सिनेमाच्या गोष्टीशी काय संबंध, असं म्हणाल. थेट संबंध आहे.

निर्मात्याकडे अख्ख्या सिनेमाचे पैसे क्वचितच असायचे. तो सिनेमा पूर्ण व्हायच्या आधीच एकेक सर्किट विकायचा. वितरक त्याला एमजी द्यायचा, म्हणजे मिनिमम गॅरंटी. समजा तुम्ही अमरावतीचे वितरक आहात. शूटिंग चालू असतानाच हप्त्याहप्त्यानं ठरलेली रक्कम द्यायची. पिक्चर चाललं तर आधी तुमची रक्कम, खर्च आणि कमिशन वसूल, त्यावर जे उरेल तो ‘ओव्हरफ्लो’, तो निर्मात्याबरोबर वाटून घ्यायचा. पडलं तर? एमजी गेली. तुमचे पैसे, तुमची झोप.

आता मला सांगा, तुम्ही पैसे कशावर लावाल? सिनेमा तर अजून बनलाच नाही. पटकथा वाचायला कुणी देत नाही. तुमच्या हातात फक्त यादी आहे. हिरो कोण? फायटी किती? गाणी किती, संगीत कुणाचं? कॉमेडी कोण करतंय? जगदीप? मग ठीक.

फॉर्म्युला ही खरं तर ह्या सौद्यातली यादी आहे. न बनलेली वस्तू विकायची, तर तिचं वर्णन ओळखीच्या सुट्या भागांतच करावं लागतं. आणि एकदा भाग विकले गेले, की ते सिनेमात बसवावेच लागतात, गोष्टीला गरज असो-नसो. ‘एजंट विनोद’मध्ये पाठलाग ऐन रंगात येतो आणि गाणं सुरू होतं, तेव्हा दिग्दर्शक बावळट आहे असं आपल्याला वाटतं. मला वाटतं, तिथं कुणाचा तरी हप्ता बोलतोय.

मला ह्यात जी गोष्ट खुपते ती वेगळी आहे. हा सगळा हिशेब व्यापाऱ्यांच्या भीतीचा, पण नाव लागलं आपल्या आजी-आजोबांचं. ‘मास ऑडियन्सला हेच लागतं.’ ‘छोट्या सेंटरला हेच चालतं.’ सीपी-बेरार म्हणजे शिट्ट्या मारणारे, डोकं बाजूला ठेवून येणारे लोक, असं ठरून गेलं.

खोटं आहे ते. पुरावा बाहेर शोधायला नको, राजश्रीच्याच घरात आहे. 1964 चा ‘दोस्ती’: दोन गरीब, अपंग मुलांची मैत्री, एकही स्टार नाही, जोरदार चालला. 1976 चा ‘चितचोर’: अमोल पालेकर, एक साधं गाव, एक गैरसमज, ढिशूम शून्य. चालला. आणि ज्या 1977 मध्ये ‘एजंट विनोद’ आला, त्याच वर्षी त्यांचा ‘दुल्हन वही जो पिया मन भाये’ हिट झाला. तेच वितरण, त्याच टॉकीज, तेच लोक. लोकांना दुसरं काही दिलं तर ते पाहत होते.

फॉर्म्युल्यातून काय सुटलं

आता सिनेमाच्या उणिवांकडे येऊ. लॉजिक नाही, ट्रिक फोटोग्राफी कच्ची, हे सगळं सोडून द्या. कमी पैशात केलेल्या गोष्टीला हसणं सोपं असतं. माझ्या तक्रारी तीन आहेत.

पहिली. हा हेर लपत नाही. सगळे त्याच्याकडे पाहतात, कारण तो हिरो आहे. खरं लपणं कसं असतं, त्याचं उदाहरण अमरावतीशी जोडलेल्या माणसाचं देतो. शिवराम हरी राजगुरू. अमरावतीच्या हनुमान आखाड्यात, म्हणजे आजच्या हव्याप्रमध्ये, ते व्यायाम शिकले. 17 डिसेंबर 1928 ला लाहोरला साँडर्सचा वध झाला. नंतर काही दिवसांत लाहोर स्टेशनवर, पोलिसांच्या नाकासमोरून तिघं निघाले. भगतसिंग हॅट घालून साहेब झाले. दुर्गाभाभी, कडेवर लहान मुलगा, साहेबाची बायको. आणि राजगुरू? नोकर. सामान उचलणारा नोकर. साहेबाकडे एखादा पोलीस पाहील, पण नोकराचा चेहरा कोण लक्षात ठेवतो? लपण्यासाठी हिरोपण उतरवून ठेवावं लागतं. आपल्या फॉर्म्युल्याला हे जमूच शकत नाही, कारण हिरोचा चेहराच तर सर्किटला विकलेला आहे.

दुसरी. ह्या सिनेमात शत्रूला कारणच नसतं. गुपित म्हणजे एक कागद किंवा एक फॉर्म्युला, तो कुणाला हवा, कशाला हवा, काही नाही. पण 1948 मध्ये आपल्याच हद्दीला लागून जे घडलं ते पाहा. हैदराबादचा निजाम भारतात यायला तयार नव्हता. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्री विमानं उडवून कराचीहून हैदराबाद संस्थानात शस्त्रं आणत होता. ह्याच माणसानं दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश गुप्तचरांसाठी विमानात कॅमेरे लपवून जर्मनीचे फोटो काढले होते. इयन फ्लेमिंगशी त्याची ओळख होती, आणि बाँडच्या पात्रात त्याचाही अंश आहे असं काही जण मानतात. म्हणजे बाँडचा एक मूळपुरुष आपल्या शेजारच्या आकाशातून जात होता, आणि तो समोरच्या बाजूला होता!

आणि आपल्या बाजूला कोण होतं? पैनगंगेच्या अलीकडे, उमरखेडसारख्या ठिकाणी, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सरहद्दीवरचे कॅम्प होते. तिथं ना गॅजेट, ना चीफ. शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी. नदीपलीकडे रझाकार कुठं आहेत, ठाण्यात किती माणसं आहेत, ही माहिती चालत जाऊन आणायची. सप्टेंबर 1948 मध्ये, 13 ते 17 तारखेला, पोलीस ॲक्शन झाली आणि संस्थान भारतात आलं. आजवर आपल्या भागात ह्यावर एक धड थ्रिलर झाला नाही. विचार करा, नदी, रात्र, हातात कंदील घ्यायचीही सोय नाही. ह्याला बजेट किती लागतं?

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर आहे. ह्या सिनेमात चीफ कधी चुकत नाही. टेबलामागचा माणूस सांगेल तो शत्रू. हेर कुणालाही उचलतो, कुठंही घुसतो, कुणाला मारतो, आणि त्याला प्रश्न विचारणारं कुणी नसतं.

आता हा सिनेमा कोणत्या वर्षीचा ते परत आठवा. 1977. जून 1975 ते मार्च 1977 आणीबाणी. पेपरवर सेन्सॉर, माणसं मिसाखाली आत, खटला नाही, वकील नाही. महाराष्ट्रातले, विदर्भातले कितीतरी कार्यकर्ते तेव्हा तुरुंगात होते. 1977 च्या मे महिन्यात शाह आयोग नेमला गेला, आणि सत्तेत बसलेल्यांनी सरकारी यंत्रणा आपल्याच नागरिकांवर कशी वापरली, ह्याची चौकशी सुरू झाली. काव त्याच वर्षी रॉमधून बाहेर पडले. नवीन सरकारनं रॉचे पंख छाटले. म्हणजे गुप्तहेर कुणाचं ऐकतो, हा प्रश्न त्या वर्षी चहाच्या टपरीवर होता. आणि पडद्यावर? चीफ सांगतो, एजंट मारतो, जगदीप पडतो, लोक हसतात.

हा प्रश्न जुना झाला असं समजू नका. रॉ असो की आयबी, संसदेनं केलेला स्वतंत्र कायदा ह्या संस्थांना आजही नाही. आपल्याला ते विचित्र वाटत नाही, कारण पन्नासहून अधिक वर्षं आपण पडद्यावर पाहिलंय, की नियम मोडणारा एजंटच देश वाचवतो. माझ्या मते हे फॉर्म्युल्याचं खरं नुकसान. वाईट सिनेमा दोन तासांत संपतो. सवय राहते.

थोडं चांगलंही

न्यायानं बोलायचं तर ‘एजंट विनोद’ला मी सरसकट भंगार म्हणणार नाही. त्याच्यामुळे विदर्भाला एक माणूस मिळाला. संगीत होतं रामलक्ष्मण यांचं. ही मुळात जोडी. राम म्हणजे सुरेंद्र, आणि लक्ष्मण म्हणजे विजय पाटील, आपल्या नागपूरचे. दादा कोंडक्यांनी 1975 च्या ‘पांडू हवालदार’मध्ये त्यांना संधी दिली. ‘एजंट विनोद’ मिळाला आणि थोड्याच काळात राम गेले. विजय पाटलांनी जोडीदाराचं नाव सोडलं नाही. एकटे असूनही शेवटपर्यंत ‘रामलक्ष्मण’ राहिले. बारा वर्षांनी ‘मैंने प्यार किया’, मग 1994 ला ‘हम आपके हैं कौन’. 2021 च्या मे महिन्यात नागपूरलाच त्यांचं निधन झालं. सीपी-बेरारचा गडी सीपी-बेरारला विकायच्या सिनेमातून पुढं आला, आणि नंतर त्यानं अख्ख्या देशाच्या लग्नांची कॅसेट वाजवली!

2012 मध्ये श्रीराम राघवननं तेच नाव घेऊन नवा सिनेमा केला. राघवन म्हणजे ‘जॉनी गद्दार’ करणारा हुशार माणूस. पण मोठा स्टार, मोठा पैसा, देशोदेशीचं शूटिंग आलं की यादी परत येते. सिनेमा अपेक्षेइतका चालला नाही. त्याच वर्षी ‘एक था टायगर’ आला आणि तुफान चालला. त्यानंतरची रांग तुम्हाला पाठ आहे.

आता सर्किट तुमच्या खिशात

एमजीचा तो जुना धंदा आता तसा उरला नाही. पेट्या गेल्या, सिनेमा डिजिटल झाला. अमरावतीत चित्रा चौक, प्रभात चौक ही नावं उरलीत. मोबाइलवर मात्र यादी परत आलीय. आता ती वितरक बनवत नाही. तुम्ही कुठं थांबवलं, कुठं दहा सेकंद पुढं ढकललं, काय अर्धवट सोडलं, ह्यावरून बनते. पूर्वी अमरावतीचा एक व्यापारी आपल्या वतीनं अंदाज लावायचा, तो चुकायचा आणि त्याचे पैसे बुडायचे. आता अंदाज मशीन लावतं. आणि परत तेच वाक्य येणार आहे: ह्या भागातल्या पब्लिकला हेच लागतं.

म्हणून एक काम देतो, दोन भागांचं. पहिला भाग सोपा. ह्या आठवड्यात एखादा असा सिनेमा शेवटपर्यंत पाहा, जो ॲपनं तुम्हाला सुचवला नव्हता. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणी टॉकीजमध्ये काम केलेलं असेल, ऑपरेटर, गेटकीपर, तिकीट ब्लॅक करणारा असला तरी चालेल, त्यांच्याजवळ बसा आणि मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा. अर्थात, त्यांना विचारून. कुठला पिक्चर किती आठवडे चालला, पेटी कशी यायची, पब्लिक कुठं उठून जायचं. सीपी-बेरारच्या प्रेक्षकाला खरं काय आवडायचं, ते ह्या लोकांनी रोज डोळ्यांनी पाह्यलंय. कलेक्शनच्या रकान्यात ते कधीच लिहिलं गेलं नाही.

रेकॉर्डिंग आम्हाला पाठवा. पाचसहा चांगली जमली तर पुढचा एक अख्खा एपिसोड त्यांच्याच आवाजात करू, मी मधे बोलणार नाही.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि हो, गाणं आलं की फॉरवर्ड करू नका. नागपूरच्या माणसानं केलंय ते.